डाव्या हाताचा क्लच

१८ नोव्हेंबर, मंगळवार. गोंदियातल्या एका गॅरेजमध्ये गाडीचा क्लच हाताने चालेल असा करण्याचं काम साडेचौदा हजार रुपयांत ठरलं. हजर आम्ही चौघं: मोठा भाऊ, वहिनी, मी आणि मिस्त्री. सात हजार मी तिथेच आगाऊ दिले. बाकीचे पैसे काम पसंत पडल्यावर. पसंत पडणं म्हणजे काय, हेही आधीच बोलून घेतलं. परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकाने दादाला ही गाडी चालवताना पाहून होकार दिला, की काम पसंत.

दादाचा डावा गुडघा दोन वर्षांपूर्वी कोहमाऱ्याजवळ मोटारसायकल घसरून मोडला. आत पट्टी बसवली, हाड जुळलं, पण गुडघा वाकेनासा झाला. काठी लागत नाही, पाय जरा बाहेरून फिरवत टाकतो. क्लच मात्र दाबता येत नाही. उजवा पाय चांगला आहे, त्यामुळे ब्रेकची अडचण नव्हती.

दादा लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, आणि जवसाचा व्यापार करतो. धान निघाल्यावर त्याच बांधीत, म्हणजे भातखाचरात, येणारं हे पीक फेब्रुवारीपासून घरात येऊ लागतं. तेव्हा तो नवेगाव बांधच्या बाजूच्या गावांत घरोघर जातो, दाणे मुठीत घेतो, दाताखाली धरतो आणि भाव सांगतो. पोती मागाहून टेम्पोने येतात, पण माल बघायला स्वतःच जावं लागतं. पायाचं असं झाल्यावर दोन हंगाम त्याने रोजाने ड्रायव्हर ठेवला. रोजचे पाचशे, शिवाय जेवण. मागच्या हंगामात हे सगळं वजा जाता दादाच्या हाती अकरा हजार उरले. नागपूरला नोकरी करणारा पुतण्या दर रविवारी फोनवर एकच सांगायचा, "बाबा, गाडी विका आणि घरी बसा." शेवटी दादा म्हणाला, "हे क्लचचं जमलं तं जमलं. नाई तं लाखोळीच्या आधी गाडी विकून टाकतो, धंदाही बंद."

क्लच नसलेली गाडीच का घेत नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आमच्या गाडीचे दीड लाख येत होते आणि तशी वापरलेली गाडी साडेचार लाखांच्या खाली मिळत नव्हती. विचार तिथेच संपला.

मिस्त्रीने केलेलं काम असं होतं. गिअरच्या मुठीखाली मोटारसायकलला असतो तसा एक लिव्हर बसवला. त्याची केबल खाली क्लचच्या पेडलपर्यंत नेली आणि पेडलजवळ व्हॅक्यूमचा एक डबा लावला. जोर तो डबा लावतो, माणसाने फक्त बोटं मिटायची. मूळ पेडल जागेवरच राहिलं, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणालाही गाडी चालवता यावी. लिव्हर इतका हलका होता की वहिनीने करंगळीने दाबून पाहिला.

डिसेंबरभर दादाने गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत सराव केला. मी शेजारी बसायचो. पहिले दोन दिवस गाडी हिसके देत होती, मग बसली हातात. वळणावर दादा वेग कमी करतो असं मला दिसलं. ते मी सावधपणात धरलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरचा दाखला आणि बाकीचे कागद घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. ड्रायव्हरने गाडी गोंदियापर्यंत आणली, तिथून दादा बसला. निरीक्षक तरुण होता, नीट बोलणारा. त्याने दादाला सरळ नेलं, मागे घ्यायला लावलं, चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावलं. सगळं झालं. मग दोन फेऱ्या मारायला सांगितल्या आणि उतरल्यावर म्हणाला, "काका, डाव्या वळणावर गाडी मोकळी सुटते. इंजिनाचा धरच राहत नाही. उजवीकडे तसं होत नाही. उतारावर हे झालं तर? दुरुस्त करून आणा, मग बघू." त्याचं म्हणणं बरोबर होतं. सही झाली नाही.

तिथून थेट गॅरेज. दादाचा आवाज चढला होता. "केबल अटकून राहिली तुझी. डावीकडे वळलो का वढल्या जाते."

मिस्त्री गाडीखाली शिरला, बाहेर आला. "दादा, केबल एकदम फ्री है. लाओ, मैं चला के दिखाता हूं."

त्याने गॅरेजमागच्या मैदानात चार चकरा मारल्या, चारही डावीकडे. गाडी एकदाही सुटली नाही. मग दादा बसला, मी शेजारी, वहिनी मागे. पहिल्याच डाव्या वळणावर इंजिन गुरगुरलं आणि गाडी मोकळी वाहत गेली. मिस्त्री खिडकीशी पळत आला होता. त्यालाही ऐकू आलं.

"मंग हे माह्याच हातानं काऊन होते?" दादा म्हणाला. "मी बसलो का तुझी केबल रुसते का?"

मिस्त्रीने बोनेट उघडून केबल पुन्हा ओढून पाहिली.

मी मिस्त्रीला सांगितलं की सही होईपर्यंत उरलेले पैसे मिळणार नाहीत. तो म्हणाला, "मत दो. मगर खराबी बताओ तो सही." दहा मिनिटं आमची बोलाचाली चालली. वहिनी मागेच बसून होती. ती म्हणाली, "अजून एक चक्कर मारा. अन् भावजी, तुमी रस्ता नका पाहू, यांचा हात पाहा."

दादाने चक्कर मारली. स्टिअरिंग उजव्या हाताने डावीकडे फिरलं आणि त्याच क्षणी गिअरवरच्या डाव्या हाताची बोटं मिटली. लिव्हर दाबला गेला. उजव्या वळणावर ती उघडी राहिली. पुन्हा डावीकडे, पुन्हा मिटली.

"अवो, टिलर चालवून राहिले तुमी!" वहिनी म्हणाली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

पॉवर टिलरच्या दोन्ही मुठींखाली एकेक लिव्हर असतो. डावा दाबला की टिलर डावीकडे वळतो, उजवा दाबला की उजवीकडे. चिखलणीच्या दिवसांत दादाने आमची आणि भाड्याने घेतलेली बांधी मिळून चौदा वर्षं तोच चालवला. डावीकडे वळायचं म्हटलं की डावी बोटं मिटणार, हे हाताचं ठरलेलंच होतं. उजव्या हातात लिव्हर नसल्यामुळे तिकडे काही बिघडत नव्हतं.

मिस्त्रीला टिलर माहीत नव्हता. मी समजावून सांगितल्यावर तो बोनेटवर हात टेकून हसला. "दादा, ये गाड़ी है. रोपा नहीं लगाना है इससे."

दादा हसला नाही. "चौदा वर्सं तेच केलं ना, बाप्पा. आता बोटं तोडून टाकू का?" त्याने गिअरच्या मुठीवर बोटं दोनदा मिटून पाहिली. गाडी विकायची गोष्ट निघेल असं मला वाटलं. मग त्यानेच विचारलं, "दाबायचं ठेवूच नको. ढकलायचं करता येते का? टिलरवर ढकलायचं काई नसते."

मिस्त्रीने लिव्हर काढला, उलटा केला आणि मुठीच्या मागच्या बाजूला अशा रीतीने बसवला की तो तळहाताच्या टाचेने खाली ढकलावा लागे. बोटांचं काम उरलं नाही. या फेरफाराचे आठशे रुपये जास्तीचे ठरले. मी सहाशे म्हणालो होतो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सराव केला. डाव्या वळणावर दादाची बोटं तशीच मिटायची, पण त्यांच्याखाली आता काही नव्हतं आणि गाडी धरून चालायची. या वेळी मी रस्त्याकडे न बघता हाताकडे बघत होतो. जानेवारीच्या शेवटी निरीक्षकाने डावीकडच्या फेऱ्या मुद्दाम जास्त घ्यायला लावल्या. उतरून त्याने कागदावर सही केली आणि विचारलं, "काय बदललं?" दादा म्हणाला, "गाडी तीच हाये."

पैसे २ फेब्रुवारीला फिटले. मिस्त्रीचे राहिलेले साडेसात हजार आणि वरचे आठशे, असे आठ हजार तीनशे मी गॅरेजमध्ये दिले. ड्रायव्हरचे गोंदियाच्या फेऱ्यांचे दोन हजार बाकी होते. ते द्यायला दादा गाडी घेऊन स्वतः त्याच्या दारात गेला. मी सोबत होतो. ड्रायव्हरने खिडकीतून वाकून गिअरकडे पाहिलं आणि नोटा खिशात घातल्या.

"म्हणजे लाखोळीले मले बलावत नाई तुमी."

"नाई," दादा म्हणाला.

"एखांद्या दिवशी लागलं तं?"

"लागलं तं सांगीन. पन लागत नाई."

घरी येऊन मी हिशेबाच्या वहीत शेवटची ओळ लिहिली: दोन हजार, ड्रायव्हरला.