खालाच्या नावाची मेथड

अकोल्याचा उन्हाळा असा, की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालतात. खोटं वाटत असेल तर मे महिन्यात या. त्याच उन्हात जुन्या शहरात आमचं पंपाच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं दुकान होतं. विहिरी आटल्या, मोटरी येईनाशा झाल्या, तेव्हा माझा भागीदार दोस्त रिकामपणी पायथन, म्हणजे कॉम्प्युटरची भाषा, शिकला. दुकानासाठी त्यानं एक प्रोग्राम लिहिला. त्यात प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे एकाच साच्यातून काढलेला ऑब्जेक्ट. नाव दाबलं की मोटर झाली की नाही, ते पडद्यावर येई.

त्याच्या अम्मीच्या कूलरची मोटरही त्यात होती. मी तिला खाला म्हणे, म्हणजे मावशी. ती रोज चौकशीला यायची. एकदा त्यानं प्रोग्राम चालू असतानाच फक्त तिच्या ऑब्जेक्टला नवी मेथड, म्हणजे एक जास्तीचं काम, जोडली. आधी फंक्शन नुसतंच चिकटवलं, तर कोणासाठी चालायचं तेच त्या फंक्शनला कळेना. मग पायथनच्याच मेथडटाइप नावाच्या सोयीनं ते तिच्या ऑब्जेक्टशी बांधलं. साच्याला धक्का नाही, बाकीच्या गिऱ्हाइकांना पत्ता नाही. तिचं नाव दाबलं की भांडण उमटायचं, दर वेळी नवं.

"अम्मी, उन्हात फिरून राहिली, सूर्य तुह्या माहेरचा हाय काय?"

तिला वाचता येत नसे. तो वाचून दाखवी. "बेशरम!" म्हणत ती हसायची.

पावसाळ्यात तो तापानं गेला.

फाइलीत ती मेथड नव्हतीच. ती फक्त चालू प्रोग्रामच्या पोटात होती. बंद केला की संपली. खाला रोज येई, मी वाचून दाखवी. आत किती भांडणं उरली होती, कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून लोडशेडिंगमध्येही प्रोग्राम चालू राहावा यासाठी मी इन्व्हर्टरला ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. गल्लीत बोलबाला, की मी रेल्वेचं इंजिन आणलं. बोलबाला मीच केला होता.

एका दुपारी ती बॅटरीही बसली. लाईट आल्यावर प्रोग्राम पुन्हा उघडला, नाव दाबलं. ऑब्जेक्ट होता, मेथड नव्हती. नुसता एरर.

"काय म्हणते माहं पोट्टं?" खाला स्टुलावरून म्हणाली.

थापा मारण्यात माझा हात कोण धरणार? "म्हणते, अम्मी, येळेवर जेवत जा. तुही लई आठवण येते."

ती पडद्याकडे पाहत राहिली.

"इतकं गोड? भांडल्याबिगर बोललं काय ते कधी?"

मी तिचं नाव पुन्हा दाबलं. पुन्हा एरर.

"गेलं ना?"

"गेलं, खाला."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं, पण उठली नाही.

"मंग तू भांड."

मी तोंड उघडलं. अख्ख्या वऱ्हाडाला पुरतील एवढ्या थापा पोटात, आणि भांडायला एक शब्द सुचेना.