पड जमिनीचे ठिपके

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सोलापूर जिल्ह्याची जमीन कशी बदलत गेली ते तपासणारा एक प्रकल्प भवानी पेठेत, सुताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चालत असे. तिथे मला सहा महिन्यांची तात्पुरती नोकरी लागली. माझी शाळा इंग्रजी. चारचौघांत मराठी बोलताना वाक्य आधी मनात तपासून घ्यायची मला सवय होती, आणि तपासून होईपर्यंत विषय बदललेला असे. म्हणून मी बहुतेक वेळा गप्पच राहायची.

काम मात्र गप्प माणसाचंच होतं. विमानातून काढलेला फोटो टेबलावर चिकटवायचा, त्यावर चौकोन आखलेला पारदर्शक कागद पसरायचा आणि प्रत्येक चौकोनात काय दिसतं त्याचा आकडा तक्त्यात भरायचा. पीक एक, झाडी दोन, पाणी तीन, वस्ती चार, पड जमीन पाच. एकाच भागाचे दोन फोटो असत, एक जुना आणि एक नवा. भरलेले तक्ते मुंबईला जात. तिथे त्यांची भोकांची कार्डं तयार होत आणि कॉम्प्युटर त्यांवरून नकाशा छापी. तो कॉम्प्युटर आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता.

शेजारच्या टेबलावर मामा बसत. सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणे. आधी ते चादरीच्या कारखान्यात होते. आलेखाच्या कागदावर नक्षीचे चौकोन रंगवायचे, त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, ते पुठ्ठे मागावर चढवले की चादरीत मोर उमटायचा. त्यामुळे कॉम्प्युटरचं त्यांना काडीचंही नवल नव्हतं.

"मागच हाय की तो," ते म्हणत. "फक्त त्याची चादर पांघरता येत न्हाय."

पाचव्या महिन्यात पहिला नकाशा आला. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद, त्यावर शेजारीशेजारी जुना आणि नवा नकाशा, पिकाला फुली आणि पड जमिनीला ठिपका. जुन्या नकाशात मंगळवेढ्याकडचा भाग फुल्यांनी गच्च भरलेला होता. नव्यात तिथे ठिपकेच ठिपके.

पुण्याहून आलेले आमचे साहेब कागदाभोवती दोन फेऱ्या मारून आले. "पंधरा वर्षांत एवढी शेती ओस पडली! हे कोणाच्या लक्षात तरी आलं होतं का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चौकोन फार स्वच्छ भरलेत तुम्ही. पुण्याची बैठक झाली की तुमच्या मुदतवाढीचं बघतो." त्या दिवशी मी डबा उघडायलाच विसरले.

बैठकीआधी दहा चौकोन प्रत्यक्ष जाऊन पाहायचे होते. मामा आणि मी जानेवारीतल्या एका सकाळी मंगळवेढ्याच्या एसटीत बसलो. नकाशाची गुंडाळी माझ्या मांडीवर होती. एका फाट्यावर उतरून, विहीर आणि लिंबाचं झाड यांच्या खुणेनं आम्ही पहिला चौकोन शोधला. नकाशात तिथे ठिपका होता. समोर माझ्या डोक्यावरून जाणारी ज्वारी उभी होती.

मामांनी नकाशा उलटा धरून पाहिला. मग पुन्हा सुलटा.

ज्वारीतल्या माळ्यावर एक बाई गोफण घेऊन पाखरं राखत होती. तिनं वरूनच विचारलं, "काय हरवलं का वो?"

"पड जमीन शोधतोय," मामा म्हणाले.

"हितं? मग घावली म्हणायची!" ती एवढी हसली की माळा हलला. खाली उतरून तिनं नकाशा पाहिला. "ह्या मुंग्या कशाच्या?"

मी मनात वाक्य तपासलं आणि विचारलं, "ही ज्वारी यंदाच पेरली का? आधी रान पडीक होतं?"

"पडीक कशानं? सासऱ्याच्या आज्यापासनं पेरतोय की."

"पण फोटोत रान मोकळं दिसतं."

"फोटो कवा काढला?"

मला ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे जरा दयेनं बघत म्हणाली, "बाई, पावसाळ्यात आमी ह्या रानात काय बी लावत न्हाय. काळी माती हाय, तिला पाणी पिऊ द्यायचं. पाऊस सरत आला की मग पेरायचं. तुमी भाकरी खाता न्हवं?"

"खाते."

"मग एवढं ठावं न्हाय?"

मामा खाली बघून हसत होते. "मला कशाला बघताय?" ते म्हणाले. "आमच्या सात पिढ्या मागावर गेल्या." तिनं आम्हांला शेकोटीत भाजलेला हुरडा दिला. तो इतका गोड होता की मी उभ्याउभ्याच दोन ओंजळी संपवल्या. संध्याकाळपर्यंत पाहिलेल्या बाकीच्या चौकोनांतही ज्वारीच होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांच्या आधी जाऊन मी फोटोंच्या कडा पाहिल्या. बारीक पांढऱ्या अक्षरांत महिना छापलेला होता. जुने फोटो जानेवारीचे, नवे ऑगस्टचे. पाच महिने ती अक्षरं माझ्या बोटांखाली होती. जिल्ह्यातलं काहीच ओस पडलं नव्हतं. मी पाणी पिणाऱ्या रानांना पाचचा आकडा देत सुटले होते.

गप्प बसले असते तर नकाशा पुण्याला गेला असता आणि बहुधा माझी मुदतही वाढली असती. साहेब माझ्याशी इंग्रजीत बोलत, म्हणून मी नीट इंग्रजी वाक्य जुळवलं. त्यांच्या टेबलापाशी गेले आणि तोंडातून भलतंच, न तपासलेलं मराठी निघालं.

"साहेब, ती पड नाही. ते रान पाणी पीत होतं. चूक माझी आहे."

मग मी फोटोंच्या कडा दाखवल्या आणि सगळं सांगितलं. इतकं सलग मी त्या ऑफिसात कधीच बोलले नव्हते. मामा मागून म्हणाले, "मी साक्षीला हाय साहेब. हुरडा पण खाल्ला."

साहेबांचा चेहरा खेळणं काढून घेतलेल्या मुलासारखा झाला. त्यांनी नकाशावर स्वतःच लिहिलेलं 'ओस पडलेली शेती' हे मोठ्या अक्षरांतलं शीर्षक लाल पेन्सिलीनं खोडलं आणि आकड्यांचा तक्ता माझ्यापुढे सरकवला.

"नवा आकडा लिहा. सहा. रब्बीसाठी राखलेलं रान."

मी लिहिलं. सहा बरा आला.

"आणि हे सगळे चौकोन पुन्हा भरावे लागतील. किती दिवस?"

"तीन महिने तरी. पण साहेब, माझी मुदत या महिनाअखेर संपते."

"कशी संपते?" ते करवादले. "चूक तुमची ना? मग निस्तरून जा."

मामांनी माझ्या टेबलावर कोरे तक्ते आणून ठेवले आणि मी पहिला फोटो चिकटवायला घेतला.