साहेबाच्या बुटातले मुंगळे

फौजदारांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बुटांत मुंगळे कुणी सोडले?"

"सोडले नाहीत. आले," मी म्हणालो.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

हसायची सोय नव्हती. बेचाळीसनंतरचे दिवस. सातारा जिल्ह्यात तार तुटली तरी पोरं उचलत. त्यात माझ्या खोलीत चळवळीच्या पत्रकांचा गठ्ठा सापडलेला. सकाळी आष्ट्यात सैन्यभरतीसाठी आलेल्या गोऱ्या कॅप्टनने बूट चढवले आणि तो भर चौकात नाचू लागला. बुटांना पॉलिश आमच्या कारखान्याचं. केमिस्ट मी. म्हणजे कट माझाच.

पॉलिशला चकाकी येते कडक मेणाने. ते बोटीने यायचं. युद्धात बोटी थांबल्या. उसाच्या कांड्यावर पांढरी भुकटी दिसते ना, तेही मेणच. साखर कारखान्यात रस गाळून उरलेल्या गाळाला प्रेसमड म्हणतात. त्यात हे मेण उतरतं. गाळ वाळवून बेंझिनमध्ये घोळला की ते सुटतं. मधमाशीच्या मेणाहून कडक, उन्हात न पाघळणारं. आपल्याच रानातलं! पण ते गोऱ्याच्या बुटाला लावायला मी साफ नकार दिला होता. लष्कराच्या ऑर्डरसाठी मालकांनी नमुना परस्पर त्याच कॅप्टनकडे पाठवला.

मालक, आमचे आबा, शेजारीच घाम पुसत होते.

"आबा, डबीत काय घातलंत?"

"काय न्हाई रं. वाईच काकवी. तुझं मेण म्हणावं तसं लकाकत नव्हतं."

"पॉलिशमध्ये काकवी?"

"आमी भाकरीसंगं खातोय की. कुणाला बाधली?"

देशासाठी तुरुंगात जायला मी तयार होतो. काकवीसाठी नव्हतो.

"पुरावा?" फौजदार म्हणाले.

मी त्यांचेच बूट मागितले. डाव्याला माझं शुद्ध पॉलिश लावलं, उजव्याला आबांचं. दोन्ही ठाण्याच्या पायरीवर ठेवले. चहा होईतो उजवा बूट काळा वळवळू लागला. डाव्याकडे एकही मुंगळा फिरकला नाही.

फौजदारांनी काठीने उजवा बूट दूर सारला. "मग अटक कुणाला करू?"

"मुंगळ्यास्नी करा की, सायेब," आबा म्हणाले. "पुरावा समोरच हाय."

मला सोडलं. पत्रकं 'बेवारशी' अशी नोंद करून ठेवून घेतली. निरोप देताना फौजदार एकाच पायात बूट घालून उभे होते. लष्कराची ऑर्डर हातची गेली. पण कार्बन पेपरच्या शाईलाही कडक मेणच लागतं; शुद्ध मेण सांगलीच्या एका कार्बन पेपरवाल्याने उचललं आणि कारखाना तगला. तेव्हापासून माझा नियम आहे: नमुना साहेबाला पाठवण्याआधी मुंगळ्यांना दाखवावा. ते वशिला मानत नाहीत.