डोक्यावरनं का नुसतीच?

भोरच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. ड्युटी संपवून वरव्याला घरी आले, की सासूबाई बंबापाशी उभ्या असतात. प्रश्न एकच: "डोक्यावरनं का नुसतीच?"

वॉर्डात कुणी गेलं असेल तर मयताला जाऊन आलेल्या माणसासारखी डोक्यावरून आंघोळ, नाहीतर नुसती अंगावरून. आधी मला याचा भारी राग यायचा. मी काय स्मशानातून येते का? पुढं ते सोयीचंच वाटायला लागलं. "डोक्यावरनं" एवढंच म्हटलं, की त्या काही न विचारता चहा टाकायच्या आणि पोरांना लांब ठेवायच्या. न्हाणीत रडलं तरी पाण्याच्या आवाजात बाहेर ऐकू जात नाही. मग कधीतरी रडू यायचं थांबलं. केस तेवढे ओले व्हायचे.

परवा भातलावणीत साप चावलेली एक बाई वेल्ह्याकडून आणली. फार उशीर झाला होता. ती गेल्यावर मी तिच्या हातापायांचा चिखल पुसला, मंगळसूत्र रुमालात बांधून नवऱ्याच्या हातात दिलं आणि शेजारच्या पेशंटचं सलाईन बदललं. येताना एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली, बरं वाटलं.

सासूबाईंनी विचारलं. मी म्हणाले, "नुसतीच."

जेवायला बसलो तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांचं माहेर वेल्ह्याकडच्या विंझरचं. "आमच्या गावची सून गेली की गं आज तुमच्या दवाखान्यात. साप चावला हुता. तू हुतीस ना तितं?"

मी घास ताटात ठेवला. मी काही लपवलं नव्हतं. मला आठवलंच नव्हतं.

सासूबाई या बाबतीत कडक. आता सगळा स्वयंपाक ओतून टाकतील असं वाटलं. त्यांनी उठून बंब पुन्हा पेटवला. पाणी तापल्यावर "ऊठ बाई" म्हणाल्या, न्हाणीत मला पाटावर बसवलं आणि स्वतः डोक्यावर तांब्या ओतायला लागल्या. मी त्या बाईचा चेहरा आठवत होते. चिखल आठवला, चेहरा नाही. मला रडायचं होतं, लहान पोरीसारखं रडायचं होतं.

"लई कढत न्हाई ना गं?" त्यांनी विचारलं.

पाणी कढत की कोमट, मला काही कळत नव्हतं. अंदाजानं मी "नाही" म्हणाले.

त्यांनी बादलीत बोटं घातली आणि चटकन मागं घेतली.