एक कडेवर, एक बोटाला

वसईत जन्मून सायकल न येणारा माणूस हवा असेल तर फार शोधायला नको, मीच तो. शाळेत असताना शेजाऱ्यांची सायकल घेऊन थेट विहिरीच्या कठड्यावर आदळलो आणि ती विद्या तिथेच संपली. पुढे मुंबईत नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली, तरी मी आपला अकरा नंबरच्या गाडीवर. मोटार वगैरे आमच्यासारख्यांच्या स्वप्नातही येत नसे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. बायको तिसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी, वसईतल्याच होळी नावाच्या गावी गेली होती, कारण आमच्या गावी गिरीजला, घरी माझ्या आईचे गुडघे धरलेले. पोरं मात्र आईने ठेवून घेतली. थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. दीड महिना झाला होता. मी अधूनमधून एकटा जाऊन यायचो. पोरांना नेऊ नको, परत येताना रडून गोंधळ घालतील, असा आईचा हुकूम होता.

गुरुवारी मेहुणा येऊन सांगून गेला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. ऑफिसात रजा मिळेना. रविवारपर्यंत मी कसा थांबलो ते माझं मला माहीत. मेहुण्याने बायकोचा निरोपही आणला होता. "या वेळी धाकटीला आणायला सांगितलंय. मला ओळखते का विसरली ते बघायचंय, म्हणाली." सांगताना तो हसत होता, पण ती हसत म्हणाली नसणार हे मला कळलं.

"नाही ओळखायची," आई म्हणाली. "दीड महिन्यात मांजराचं पिल्लूही आईला विसरतं."

मला राग आला, पण बाळंतिणीच्या सासूशी कोण वाद घालणार! मी म्हटलं, "नेतो दोघांना."

"कसा नेशील?"

"एक कडेवर, एक बोटाला."

"आणि हातात काही दिलं कोणी तर?"

"घ्यायचं नाही."

आई नुसती हसली. रविवारी चर्चमधली पहिली मिस्सा झाली, पोरांना पेज पाजली आणि आम्ही निघालो. टांग्याचा रस्ता वळसा घालून जातो, आणि टांगे तर त्या दिवशी लग्नाला लागले होते. वाड्यावाड्यांतून पायवाटेने गेलं की मोठा माणूस तासाभरात होळीला पोचतो. थंडीचे दिवस होते, केळीच्या पानांवरून अजून दव टपकत होतं. मी इतका खुशीत होतो की शीळ घालत चाललो होतो. दोन्ही पोरं अंघोळ घालून चकचकीत, आणि तिकडे तिसरं मी अजून बघितलेलंच नव्हतं.

पहिल्याच वाडीत पानवेलीला पाणी घालणाऱ्या काकीने अडवलं. "काय रे, पोरं घेऊन कुठं?"

"होळीला. बाळंतिणीकडे."

हा शब्द उच्चारायला नको होता. आमच्याकडे बाळंतिणीकडे निघालेल्या माणसाला कोणी रिकाम्या हाती पुढे जाऊ देत नाही. काकीने घागर खाली ठेवली, शेपूची भलीमोठी जुडी कापली आणि माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, काकी, हात कुठे आहे? ती म्हणाली, "तुझ्यासाठी नाय देत. तुझा काय संबंध?" जुडी थोरल्याच्या डोक्यावर बसली. त्याला फार आवडलं. दोन्ही हातांनी ती धरून तो पुढे चालू लागला आणि माझं एक बोट मोकळं झालं.

ते फार वेळ मोकळं राहिलं नाही. पुढच्या वाडीत सुकेळ्यांचं, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं मिळालं. त्यापुढच्या वाडीतल्या म्हाताऱ्याने दोन नारळांच्या शेंड्या एकमेकींना बांधल्या आणि मला न विचारता माझ्या गळ्यात अडकवल्या. मी कुठे जातोय हे सांगणं मी बंद केलं, तर थोरला आपणहून सांगू लागला. "आईकडे जातोय. आईला बाळ झालंय." त्याचं तोंड एक मिनिट बंद नव्हतं. कोंबडीला पिल्लं झाली हे आईला सांगायचं, आजीने चष्मा फोडला हे सांगायचं, मला आता झाडावर चढता येतं हे सांगायचं. त्याची मला काळजीच नव्हती.

काळजी होती ती कडेवरच्या बाईसाहेबांची. मी वाटेत तिची तयारी करून घेत होतो. "आई कुठाय?" असं विचारलं की ती मोठ्या आनंदाने बोट दाखवायची. पानवेलीवाल्या काकीकडे दाखवलं, विहिरीवर कपडे धुणाऱ्या बाईकडे दाखवलं, आणि एका वाडीत चक्क नारळावर चढणाऱ्या, शेंडी राखलेल्या गड्याकडे. तो वरून म्हणाला, "मी नाय रे बाबा!" सगळे हसले, मीही हसलो, पण पुढचं चित्र मला दिसू लागलं. बायको दारात बसलेली असेल, हात पुढे करेल, आणि ही भलतीकडे तोंड फिरवेल. मग मी काय बोलणार?

एका वाडीत राजेळी केळ्यांचा घड माझी वाट बघत असल्यासारखा कापून ठेवला होता. मालक ओळखीचा. म्हणाला, "लेकुरवाळीला राजेळी केळी शिजवून द्यायची, अंगात ताकद येते." मी म्हटलं, एक फणी द्या. तो म्हणाला, "फणी देऊ? मी काय दुकान मांडलंय?" घड खांद्यावर आला. आता धाकटीला ठेवायला कड उरली नाही.

मी तिला खाली ठेवलं. ती बोट धरल्याशिवाय कधी पाऊल टाकत नसे, आणि माझं एकही बोट रिकामं नव्हतं. ती भोकाड पसरणार असं मला वाटलं. पण तिने आजूबाजूला बघितलं, माझ्या पँटीचा पाय मुठीत धरला आणि चालायला लागली. अहो, चालायला लागली! मी पाय आखडता घेत, गळ्यातले नारळ सांभाळत, मान वाकडी करून खाली बघत होतो. पाणी सोडलेला पाट आला तेव्हा तिला तो इतका आवडला की ती त्यातूनच चालू लागली. घोट्याएवढं गार पाणी, खाली मऊ चिखल. एकदा बसली, उठली, परत चालली. रहाटावरचा म्हातारा आपला बैल थांबवून बघत राहिला. "तुम्ही दोघं कोण कोणाला नेताय?" असं त्याने विचारलं.

होळीची हद्द लागली तशी मासळी विकून परतणारी कोळीण भेटली. डोक्यावरची पाटी उतरवून तिने उरलेली मुडदुशी केळीच्या पानात बांधली आणि थोरल्याच्या हातात दिली. "बाळंतिनीला कालवन कर म्हनावं, दूध चांगलं येतं. आन् पोरीला पानी पाज, ऊन लागल." होळीत तर मी जावई. तिथे नाही म्हणायची सोयच नाही. बायकोच्या शेजारणीने चार अंडी माझ्या शर्टाच्या खिशांत ठेवली आणि बजावलं, "आता कोणाला मिठी मारू नका."

अशा थाटात आम्ही सासरच्या फाटकाशी पोचलो. खांद्यावर घड, गळ्यात नारळ, काखेत सुकेळी, खिशांत अंडी. बायको ओटीवर दाराशी बसली होती, कानांना फडकं बांधलेलं, मांडीवर बाळाचं गाठोडं. एरवी माझा हा अवतार बघून ती हसून लोळली असती. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या पायाशी चिखलाने भरलेली एवढीशी पोरगी आपल्या पायांवर उभी होती, तिच्याकडे ती बघत होती. हाक मारली नाही, हात पुढे केले नाहीत.

धाकटीने माझी पँट सोडली. डोलत डोलत अंगण ओलांडलं, पायरी रांगत चढली, आईच्या गुडघ्यावर दोन्ही चिखलाचे पंजे ठेवले. मांडीवरच्या बाळाला हाताने जरा बाजूला सारलं आणि मोकळ्या झालेल्या जागेत डोकं ठेवलं. आई घटकाभर विहिरीवर जाऊन आली असावी, तसं. बायको रडत होती आणि हसत होती. मी ओरडलो, "बघ, चालत आली! चालत!" एक अंडं खिशातच फुटलं, त्याचं मला काहीच वाटलं नाही. मी पुढे होऊन बाळाचा चेहरा बघितला. नाक थेट माझं. बिचारी.

"थोरला कुठाय?" बायकोने विचारलं.

तो फाटकाबाहेर उभा होता. डोक्यावर शेपू, हातात मुडदुशी. मी म्हटलं, अरे ये ना. तो हलला नाही. सासूबाईंनी लाडू दाखवला, त्याने मान फिरवली. वाटभर बडबडणारं पोर, आणि आता तोंडातून शब्द नाही. त्याला काय झालं ते आम्हाला कोणाला समजेना. शेवटी तो खाली बघून म्हणाला, "मी उठलो तर तू नव्हतीस."

दीड महिन्यापूर्वी मेहुण्याची बैलगाडी उजाडण्याआधीच आली होती. हा गाढ झोपलेला. रडेल, गाडीला लोंबकळेल, म्हणून आम्ही उठवलं नव्हतं. सकाळी त्याने एकदाच विचारलं, आई मामाकडे गेली हे कळल्यावर मान हलवून खेळायला गेला, आणि पोर किती शहाणं म्हणून आम्ही कौतुक केलं होतं.

बायकोने बाळ सासूबाईंकडे दिलं. धाकटीचं डोकं हळूच उशीवर ठेवलं. "अगं, बाहेर पाऊल टाकू नको, वारा लागेल," सासूबाई म्हणत होत्या. ती भिंत धरून उठली, एकेक पायरी उतरली आणि अनवाणी अंगण ओलांडून फाटकाशी गेली. तिला खाली बसता येत नव्हतं. फाटकाचा खांब धरून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुला उठवलं असतं," ती म्हणाली, "तर माझा पाय निघाला नसता रे."

त्याने तिच्या पायांकडे बघितलं.

"पुढल्या वेळी उठव," तो म्हणाला.

"उठवीन."

मग तो आत आला.