ताठ उभे राहणारे दौलतमामा

दौलतमामा जोहार घालायला वाकले की त्यांची हनुवटी गुडघ्याला टेकायची. एवढा वाकणारा सोंगाड्या मी दुसरा पाहिला नाही. दिवाळीत गावोगाव होणाऱ्या आमच्या दंडारीच्या खेळात ते गावच्या चाकराचं सोंग घ्यायचे आणि किसनभाऊ पाटलाचं. मी झांज वाजवायचो. ताल मोजता मोजता मला हशेही मोजायची सवय लागली. एका खेळात बारा हशे असले, तर त्यातले सात त्या वाकण्यावर असायचे.

दोघेही नेरजवळच्या आमच्याच गावचे. कापसाचं शेत किसनभाऊंचं, मामा तिथे मजुरीला. पण दंडारीला निघून बैलबंडीत बसले की कोण मालक आणि कोण मजूर, हे बोलण्यावरून ओळखता यायचं नाही.

"दौलत, वीस वर्सं झाले लोकायले हासवून राह्यलो," किसनभाऊ म्हणायचे. "माही बायको येकदाबी हासली नाई."

"तिचं हासू तुले पाहूनच लग्नात सरलं असन."

"लोकायची दिवाळी घरी, अन् आपून बंडीत. मले येक वर्स सुटी पाह्यजे."

"सुटी घेऊन करशीन काय?"

"दुसऱ्याच्या दंडारीत सगळ्यायच्या पुढं बसीन, अन् बिलकूल हासनार नाई."

मामा यावर इतके हसायचे की त्यांना खोकला लागायचा. तो हशा मी कधी मोजला नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला मामा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. तीन आठवड्यांनी दिवाळी आली. पहिल्या गावाला निघालो, तेव्हा अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "किसन, मी आता वाकत नाई."

किसनभाऊंनी कासरा ओढला. बंडी थांबली. मी मध्येच बोललो, "मामा, बारापैकी सात हशे जातील." आकडा बरोबर होता. बोलायला नको होतं.

मामा माझ्याकडे वळले. चिडले नाहीत. "बापू, थे हासू माह्या सोंगाले नव्हतं. माह्या जातीले होतं."

किसनभाऊंनी कासरा बंडीच्या दांडीला गुंडाळला.

"मंग मी वाकतो," किसनभाऊ म्हणाले. "तू पाटील हो."

"कायले? तुही कंबर पयलेच दुखते."

"मंग करायचं काय, थे सांग!"

"दोघंबी पाटील. दोघंबी ताठ. मधात पागोटं पडन, अन् उचलन कोनीच नाई."

किसनभाऊ तिथेच बंडीतून उतरले आणि धुळीत पागोटं टाकून उभे राहिले. मामा त्यांच्यासमोर. दोघे एकमेकांकडे बघत होते, पागोट्याकडे नाही. मी एकटाच बघणारा. पोट धरून हसलो.

दुपारच्या खेळाला पुढे बसलेली मंडळी गप्पच राहिली. एकजण ओरडला, "अबे, वाक नं!" मामा वाकले नाहीत. दोनच हशे आले, तेही मागून, बायकांच्या बाजूने. परतताना मी विचारायच्या आधीच मामा म्हणाले, "दोनच, बापू. पन आपल्या कामाचे."

आम्हाला नऊ गावांचं बोलावणं असायचं. पुढच्या दिवाळीला दोन गावांचं आलं, त्यापुढच्या दिवाळीला एकाही नाही. एका गावची मंडळी किसनभाऊंकडे आली आणि म्हणाली, वाकणारा माणूस आम्ही देतो, तुम्ही फक्त या. "माह्यापाशी मानूस हाये," असं म्हणून भाऊंनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मामा मुलाकडे उमरखेडला गेले. जिल्हा एकच, पण एक टोक इकडे आणि दुसरं तिकडे. आठ वर्षांत दोघांची भेट झाली नाही. गेल्या वर्षी मामांनी मुलाच्या हातून मला पत्र लिहवून पाठवलं: इथे जयंतीला उभा राहतो, एकटाच दोन्ही पाटील करतो, किसनला सांग.

किसनभाऊ तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी पत्र दोनदा वाचून दाखवलं.

"लोक हासतेत का रे त्याले?"

"पत्रात लिहिलं नाही, भाऊ. मी पाहिलेलं नाही."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "येकदा तरी खोटं बोल नं, लेका."