मिठागरातली लाल ओळ

शनिवारी संध्याकाळी लेखाच्या तपासणीचा निकाल आला. आधी छापलेल्या मजकुराशी साम्य एकतीस टक्के. नियतकालिकाची मर्यादा दहा. घरात मी, सौ. आणि आमची नीलिमा, तिघेच होतो.

"एकतीस म्हणजे नापास का गं?" सौ.ने विचारलं.

"नाही आई. चोर."

नीलिमाच्या संशोधन-लेखातल्या ज्या ओळी आधी दुसरीकडे छापल्या होत्या, त्या संगणकाने लाल केल्या होत्या. मी चष्मा लावून वाचू लागलो. मिठागरातल्या बायका पायांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळतात, ही ओळही लाल. ते पाहायला मीच तिला स्कूटरवरून नेलं होतं.

त्या ओळी ज्यात आधी छापल्या होत्या, तो लेख तिच्या मार्गदर्शक सरांच्या नावावर होता. ते मिठागरात कधी आलेच नव्हते. सगळेच विद्यार्थी देतात तसा तिनेही कच्चा मसुदा त्यांच्याकडे तपासायला दिला होता.

"संपादकांना कळव की," मी म्हणालो.

"बाबा, सर जाऊन महिना झाला. तेराव्याला मी पंगतीत वाढलंय. काकूंना आता हे ऐकवू?"

चोरी पकडायला यंत्र हवंच. पण आधी कोणी छापलं एवढंच त्याला कळतं. उन्हात कोण उभं होतं, ते कुठून कळणार?

सरांसाठी ती महिनाभर रडत होती. त्या संध्याकाळी रडली नाही, ते मला जास्त लागलं.

जेवणाआधी तिने एकेका लाल ओळीला अवतरणचिन्हं घातली आणि खाली तळटीप दिली. ट्यूबची ओळ शेवटी आली. तिथे थोडी थांबली, आणि तिथेही तिने सरांचंच नाव लिहिलं.